रशियन कादंबरी आणि राजन्नांचे धागे

टॉवेलच्या कारखान्यात धागे आणि किस्से सारखेच. कितीही झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात ढीग असतोच! आमचे सगळे किस्से मात्र एका पुस्तकाचे. सात रस्ता चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून मी एका रशियन कादंबरीचं मराठी भाषांतर आणलं. नऊशे पानं! जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्यानं वाचायचं, असं ठरलं.

फिनिशिंगच्या शिवाक्कांनी ते हातात तोललं आणि म्हणाल्या, "ताई, वाचून झालं की मला द्या. लसूण लई भारी ठेचंल!"

*

पहिल्या आठवड्यातच गाडी अडली. एकेका माणसाला तीन तीन नावं! मी तर पुस्तक परत करायला निघाले होते.

तेव्हा राजन्ना पुढे आले. मागावर संपत आलेल्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, टोकांना नव्या ताण्याची टोकं गाठ मारून जोडायची, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारं एमआयडीसीत कुणी नाही. त्यांना तेलुगू वाचता येतं, मराठी नाही. त्यांनी पुस्तकाच्या पाठीला दोरी बांधली आणि कादंबरीतल्या प्रत्येक माणसाच्या नावानं एक रंगीत धागा लावला. "नावं कितीपण असू देत, ताई. धागा एकच!"

*

भर मे महिन्यात बर्फाचं प्रकरण आलं. वीज गेलेली, आम्ही घामानं निथळतोय. शिवाक्कांचं माहेर मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणारं. त्या कानाला टॉवेल गुंडाळून म्हणाल्या, "एवढ्या थंडीत मेंढरं कुटं ठेवत्यात वं?"

*

शिवाक्कांचं काम टॉवेलचे सुटलेले धागे कापायचं. एकदा ऐकता ऐकता हातातली कात्री पुस्तकाकडे वळली आणि सगळे धागे खाली!

"अगं बया, म्या समद्यांना मारलं की!"

राजन्नांनी एकेक धागा उचलला. "हा लाल, आईला पत्र न लिहिणारा डॉक्टर. हा पिवळा, घोड्याशी बोलणारा म्हातारा." एकवीस धागे परत बांधले, एकही चूक नाही. मी वाचणारी असून मला निम्मे आठवत नव्हते. त्या दिवशी मी त्यांना मनातून नमस्कार केला.

*

राजन्ना रिटायर झाले तेव्हा दोनशे पानं उरलेली. निरोपाला मालक म्हणाले, "दोन शब्द बोला."

"पुस्तकातला तो शिपाई कालपासून बर्फात चालतोय, साहेब. भाषण राहू द्या, त्याला आधी घरी पोचवू द्या."

मालक हसले, पण वाचायला वेळ काही मिळाला नाही. राजन्ना शाल, नारळ घेऊन गेले. शेवट त्यांनी ऐकलाच नाही, याची मला फार रुखरुख लागली.

सोमवारी दुपारी बघते तर गेटबाहेर राजन्नांची सायकल, हँडलला डबा! वॉचमन आत सोडेना. मग आम्हीच बाहेर गेलो आणि रोज लिंबाखाली बसू लागलो.

शेवटचं पान झालं. शिवाक्का पदरानं डोळे पुसत होत्या. राजन्नांनी पुस्तक जवळ ओढलं, शेवटच्या पानावरच्या माणसाचा धागा घेतला आणि ताणा जोडावा तसा पहिल्या माणसाच्या धाग्याला गाठ मारून जोडला.

"उद्या शेंगाचटणी आणतो, ताई. पहिलं पान नीट ऐकलं नव्हतं. तेव्हा जेवत होतो."