अंकलची दोन क्रियापदं

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. अंकलना ओळखणारे आता फारसे उरलेले नाहीत, आणि जे आहेत त्यांना ते एक विक्षिप्त म्हातारे म्हणून आठवतात. तेवढं तरी दुरुस्त व्हायला हवं.

हॉटेलात समोर येऊन बसले की ते आधी कप बाजूला सारायचे. मग दोन बोटं टेबलावर पायांसारखी चालवायचे. "हे दियाबाइनो." मग हात पालथा करून, होडी सरकते तसा सावकाश सरकवायचे. "आणि हे दियापेराओ. दोन्ही ग्रीक, दोन्हींचा अर्थ पलीकडे जाणं. पण मास्तर, चालत जाणारा आणि होडीतून जाणारा एकच कसा?"

"अंकल, चाय गिरेगा!" पोऱ्या गल्ल्याजवळून ओरडायचा.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. भाईंदर पश्चिमेला मी शाळेत मराठी शिकवायचो. अंकल मूळचे जवळच्याच, समुद्रकाठच्या उत्तन गावचे. तरुणपणी फादर व्हायला सेमिनरीत गेले होते, तिथं ग्रीक शिकले आणि दीक्षा घेण्याआधीच बाहेर पडले. पुढं बंदरात कारकुनी करून रिटायर झाले. लग्न नाही. स्टेशनजवळ एका खोलीत राहायचे. दर रविवारी बसने उत्तनला जायचे, चर्चमध्ये मिस्सा ऐकून बहिणीकडे जेवायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. गावात त्यांना 'अर्धा फादर' म्हणत. ते स्वतःच सांगायचे, "अर्धा फादर, पाव कारकून. उरलेला कुठं गेला ते शोधतोय."

शुभवर्तमानातल्या गोष्टी ते ग्रीकवरून थेट उत्तनच्या बोलीत आणत होते. त्यांना एवढंच हवं होतं, की आपल्या गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्या एकदा गावच्या तोंडानं वाचल्या जाव्यात.

श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारातला भिकारी, या गोष्टीवर ते सगळ्यात जास्त अडले. मेल्यावर श्रीमंत आगीत असतो, भिकारी सुखात. श्रीमंत पाण्याचा थेंब मागतो. उत्तर येतं, की मध्ये मोठी खाई आहे. इकडून तिकडे कुणाला जाता येत नाही, तिकडून इकडे येता येत नाही.

"एकाच वाक्यात दोन शब्द, मास्तर! सुखातल्याला जायचं तर दियाबाइनो. त्याला वाटतं, पाय टाकला की पोचलो. आगीतल्याला यायचं तर दियापेराओ. शुभवर्तमानात तळं होडीनं पार करतात तिथं हाच शब्द येतो. त्याला ठाऊक आहे, होडीशिवाय सुटका नाही." मग हसून म्हणायचे, "जाणकार म्हणतात, नुसता शब्द बदललाय, एवढा अर्थ काढू नका. पण त्यांच्यापैकी होडीत किती बसले असतील?"

एकदा तर स्टेशनपासूनच हाका मारत आले. उत्तनला बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना त्यांनी ही गोष्ट वाचून दाखवली होती. एक म्हातारी हातातलं काम टाकून म्हणाली होती, "मंग कुनी होरी आनली न्हाय?"

"बघ! दोन हजार वर्षांत हे कुणी विचारलं का?" चार दिवस ते दुसरं काही बोलत नव्हते.

आता माझं. मी भाईंदरजवळच्याच राई गावचा, खाडीकाठच्या घरातला. शिकायला मामाकडे गिरगावात गेलो आणि शाळेत गिरगावचा म्हणूनच लागलो. घरात 'हाय-न्हाय' बोलतात हे स्टाफरूममध्ये कुणाला माहीत नव्हतं. अंकलनी मात्र पहिल्या महिन्यात ओळखलं. "अरे, आपल्यात तरी न्हाय म्हण," ते म्हणायचे. मी "नाही" म्हणायचो.

पुढं उत्तनच्या चर्चमधल्या मंडळींनी या गोष्टींचं पुस्तक काढायचं ठरवलं. त्याआधी बाहेरच्या एका मराठीच्या शिक्षकाचं मत घ्यावं म्हणून त्यांच्यातले तिघे शाळेत आले. नेमके माझ्याकडेच. समोर मुख्याध्यापक बसलेले. तिघांपैकी एकानं एक पान वाचून दाखवलं. मुख्याध्यापकांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. ते म्हणाले, "आम्हा घाटावरच्यांना हे काय कळणार? तुम्हाला कळतं का हो?"

मला शब्द न् शब्द कळत होता. मी म्हणालो, "घरात ठीक आहे. देवळात वाचलं तर लोक हसतील."

पुस्तक निघालं नाही.

त्याच आठवड्यात अंकल आले. कप बाजूला सारले नाहीत. "कुणीतरी शिकलेल्यानं सांगितलं म्हणे, लोक हसतील. नाव सांगत नाहीत." मग विचारलं, "मास्तर, तुला हसू येतं?"

"नाही, अंकल."

"मग बस झालं," म्हणाले, आणि चहा प्यायले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी भाईंदर सोडलं, बहिणीकडे राहायला गेले.

मी तिकडे गेलो तो तीनेक वर्षांनी. सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. अंकल अंगणात खुर्चीवर होते, खूप वाळलेले. मला बघून त्यांनी शेजारीपाजारी सगळ्यांना हाका मारल्या. "हाच तो मास्तर! हा एकटा हसला न्हाय!" आणि खाईच्या गोष्टीचं पान माझ्या हातात ठेवलं. "वाच."

मी वाचलं. घरी आई बोलायची तसं, सगळे हेल घेऊन वाचलं. बायका निवडायची मासळी तशीच ठेवून ऐकत होत्या. एक माणूस दाराला टेकून उभा होता, तो खाली बसला. कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावरही कुणी उठेना.

अंकलनी डोळे पुसले. "ज्यानं सांगितलं होतं ना, लोक हसतील म्हणून, त्याला आज इथं आणायला पाहिजे होतं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "कोण होता, तुला कधी कळलं का?"

बहीण चहा घेऊन आली होती. सगळे माझ्याकडेच बघत होते.

मी मान हलवली. नाही.

"जाऊ दे," ते म्हणाले. "चहा घे."

पावसाळ्यानंतर ते गेल्याचं कळलं. अंकल, त्या दिवशी तो तुमच्या शेजारीच बसला होता. पान त्याच्याच हातात होतं. माझं चुकलं.