दाखवायची बंदूक

गुरुदास चिंदरकराच्या घरी बंदूक आहे, हे आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ते तसं ठाऊक असावं म्हणून गुरुदासने जेवढी खटपट केली, तेवढी त्याने जन्मात दुसऱ्या कशासाठी केली नाही. मी त्याचा शेजारी, वाडीतल्या शाळेचा मास्तर. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालून मोकळं व्हायची मला सवय नाही, तेव्हा जे झालं ते सरळ लिहितो. त्यात थोडा दोष माझाही आहे.

गुरुदास सोसायटीत कारकून होता. काटकुळा देह, बारीक आवाज, आणि स्वभाव इतका मऊ की आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, कोणी कोंबडी कापायला घेतली की हा काहीतरी काम काढून घरी जायचा. साहेबाने हाक मारली तरी दचकायचा. मी त्याची चेष्टा करायचो आणि तोही हसायचा. अशा माणसाच्या हाती बंदूक आली ती वडिलांमुळे. रानडुकरं आणि माकडं बागेत शिरतात म्हणून वडिलांनी शेतीसंरक्षणाचा परवाना काढून ठासणीची बंदूक घेतली होती. ते वारले आणि परवाना गुरुदासच्या नावावर झाला.

त्याचं घर वाडीतलं शेवटचं. त्यानंतर सुरूचं बन आणि मग नुसती वाळू. एकुलती मुलगी लग्न होऊन मुंबईला गेलेली, त्यामुळे घरात गुरुदास आणि त्याची बायको दुर्गा अशी दोघंच. एकोणऐंशी साली पलीकडच्या वाडीत चोर शिरले आणि त्यांनी राधाबाई नावाच्या म्हातारीला भरदुपारी घरातच खांबाला बांधून ठेवलं. संध्याकाळी लोकांनी तिला सोडवली, पण पुढे महिनाभर ती कोणाशी बोलली नाही. दुर्गा तिला बघून आली आणि तेव्हापासून एकटी घरात राहीना. गुरुदास कामावर निघाला की ती दाराला कुलूप लावून आमच्याकडे यायची आणि माझ्या बायकोजवळ, आनंदीजवळ, दिवसभर बसायची. रात्री पान पडलं तरी उठून बसायची. गुरुदासचे डोळे जागरणाने लाल. नोकरी सोडून घरी बसावं की घर विकून मुलीकडे जावं, असं त्याचं चाललं होतं.

तेव्हा त्याने माळ्यावरची बंदूक खाली काढली. माजघरात, पुढच्या दारातून आत बघणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी, भिंतीला दोन खुंट्या मारून ती टांगली. शनिवारी सकाळी बाजाराला जाणाऱ्या बायका घरावरून जायच्या. नेमका त्या वेळी हा बंदूक मांडीवर घेऊन खळ्यात बसायचा आणि खोबरेल तेलाच्या फडक्याने नळी पुसायचा.

खरा सोहळा दसऱ्याला. शस्त्रपूजा आपल्याकडे घरोघर होते. कोणी कोयता पुजतं, कोणी कुदळ. गुरुदास खळ्यात पाट मांडून त्यावर बंदूक ठेवायचा, हळदकुंकू वाहायचा, झेंडूची माळ घालायचा. संध्याकाळी सारी वाडी सोनं द्यायला यायची, तोवर पूजा तशीच. मग सगळ्यांच्या देखत हा जुनी दारू काढायचा, नवी भरायचा, छर्रे टाकायचा, वर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा. पोरं मागे सरायची. हा आपल्या बारीक आवाजात सांगायचा, "लांब रवा रे, भरलेली आसा." मला मनातून हसू यायचं, पण खरं सांगतो, त्या घटकेला तो मलाही थोडा उंच वाटायचा.

दुर्गा दारात उभी राहून हे सगळं बघायची. दुसऱ्या वर्षापासून ती घरात एकटी राहू लागली. रात्रीची झोपू लागली. आनंदी एकदा तिला म्हणाली, "काय गो, आता येणा नाय तुझा." तर ती म्हणाली, "माका सोबत आसा आता." आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

ब्याऐंशी साली बागेत माकडांची टोळी उतरली. गुरुदासने आयुष्यात पहिल्यांदाच बार काढायचं मनावर घेतलं. घोडा मागे ओढला, चाप दाबला, पण आत काहीतरी कट्‌ करून तुटलं आणि घोडा लुळा पडला. त्यानंतर चाप कितीही दाबा, घोडा काही जोरात आपटायचा नाही आणि बार उडायचा नाही. दुर्गा तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला होती. आम्ही दोघं बंदूक गोणपाटात गुंडाळून सावंतवाडीच्या एका कारागिराकडे गेलो. त्याने उलटीपालटी करून पाहिली आणि सांगितलं, आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली आहे, बाहेरून मागवावी लागेल, बंदूक इथे ठेवून जा, दोन-तीन महिने लागतील. गुरुदासने बंदूक पुन्हा गोणपाटात गुंडाळली.

परतीच्या एस.टी.त मी विचारलं, "आता काय करतलंस?"

"काय करूचा नाय," तो म्हणाला. "दोन महिने खुंटी रिकामी दिसली तर सगळ्यांका कळतला. मास्तरानू, बंदूक उडवूची नसता, दाखवूची असता. माझ्या बापाशीन जलमात डुकरां किती मारल्यान? दोन. पण चोर कधी आमच्या खळ्यात इलो नाय."

"आणि दुर्गाक?"

"तिका कित्याक सांगाचा? ती निजता, ता माका पुरे."

मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "बरोबर आसा तुझा." मला ते खरोखरच पटलं होतं. उलट या भित्र्या माणसाला एवढी अक्कल कुठून आली याचं कौतुकही वाटलं. त्या दिवसापासून बंदूक मेलेली आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, गुरुदासला आणि मला.

आणि ती मेलेली बंदूक काम करत राहिली, हेही लिहायला हवं. त्या काळात आसपास नारळ चोरीला गेले, वाडीतल्या सत्यवानच्या दुकानाचं कुलूप फुटलं, एका घरातून देवाची चांदीची भांडी गेली. चिंदरकरांच्या बागेतली सुपारीसुद्धा हलली नाही. दसऱ्याला दारू नवी, झेंडू नवा, गज ठासल्याचा आवाजही खरा. वाडीतले लोक फसत होते आणि त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण दारात उभी राहून बघणारी दुर्गाही त्या लोकांतच होती, हे आम्हा दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत परवान्याची मुदत संपत आली. नूतनीकरणाचा अर्ज द्यायला गुरुदास सकाळच्या एस.टी.ने मालवणला कचेरीत गेला. त्याला गाडीत चढताना एका माणसाने पाहिलं. तो महिन्यापूर्वी नारळाच्या व्यापाऱ्याबरोबर हमाल म्हणून आला होता आणि गुरुदासच्या खळ्यात पाणी पिऊन गेला होता. भिंतीवरची बंदूक त्याने तेव्हाच पाहिली होती. पण बंदूकवाला आता एस.टी.त बसून निघाला होता.

पुढचं सगळं दोघांच्या जबानीतून कळलं, दुर्गाच्या आणि त्याच्या. आणि दोघांच्या जबान्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या.

अकराच्या सुमाराला दुर्गा स्वयंपाकघरात खोबरं किसत होती. खोलीत ट्रंकेची कडी वाजली. ती माजघरात आली, भिंतीवरची बंदूक काढली आणि खोलीच्या दारात उभी राहिली. तो माणूस ट्रंकेपाशी बसला होता. नळी आपल्यावर रोखलेली पाहून तो उठून उभा राहिला. त्याने हात जोडले. "आई, जातो, काही घेतलं नाही," असं म्हणत तो भिंतीला घासत घासत बाहेर आला, माजघरातून मागे मागे सरकत पुढच्या उंबऱ्यापर्यंत गेला. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता.

म्हणजे गुरुदासचं गणित अगदी बरोबर आलं होतं. बंदूक दाखवली आणि चोर निघाला होता. आणखी दोन पावलं, की तो सुरूच्या बनात पळाला असता. पण बंदूक फक्त दाखवायची असते, हे दुर्गाला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे खांबाला बांधलेली राधाबाई होती. हा आता गेला तरी उद्या परत येईल, असं तिला वाटलं. दर दसऱ्याला आपल्या डोळ्यांदेखत भरलेल्या बंदुकीचा घोडा तिने मागे ओढला आणि चाप दाबला. काही झालं नाही. तिने पुन्हा दाबला, मग पुन्हा.

तो माणूस जबानीत म्हणाला, तिसऱ्यांदा दाबलेला बघितल्यावर मी पाय आत घेतला.

त्याने बंदूक हिसकावली आणि दस्त्याने तिला मारलं. तिचं उजवं मनगट मोडलं. दुसरा फटका कानावर बसला आणि त्या कानाने तिला पुढे कधी ऐकू आलं नाही. हातातल्या पाटल्या आणि गळ्यातलं मंगळसूत्र घेऊन तो गेला. चार महिन्यांनी बांद्याच्या बाजारात पाटल्या विकताना सापडला.

ओरडा ऐकून आनंदी धावली आणि तिने मला शाळेत बोलावणं पाठवलं. गुरुदास तीनच्या गाडीने आला तेव्हा दुर्गाला मालवणला हलवली होती आणि पोलीस पंचनामा करत होते. जमादाराने बंदूक उचलली, घोडा दोन बोटांनी हलवला आणि विचारलं, "ही केव्हापासून बंद आहे?"

"कालपर्यंत चालू होती, साहेब," गुरुदास म्हणाला.

जमादाराने आतला गंज नखाने खरवडून त्याच्यासमोर धरला. मी तिथेच पंच म्हणून उभा होतो. मी पंचनाम्यावर सही केली.

पुढे कितीतरी दिवस सत्यवानच्या दुकानासमोर याचीच चर्चा. एक म्हणायचा, बंदूक चालू हवी होती. दुसरा म्हणायचा, चालली असती तर हात जोडून निघालेला माणूस मेला असता आणि दुर्गा खुनात अडकली असती. तिसरा म्हणायचा, बंदूक नसती तर त्याने ट्रंक उचलली असती आणि गेला असता. कोर्टातले वकील असल्यासारखे सगळे बोलायचे. मला त्यांचा संताप यायचा. पण संताप करायला तोंड कुठे होतं? मी साखर घेऊन घरी यायचो.

गुरुदासने इस्पितळात दुर्गाजवळ बसून स्वतःच सगळं सांगितलं. सहा वर्षं बंदूक बंद होती, मला ठाऊक होतं, तुला झोप लागावी म्हणून बोललो नाही. तिने ते बऱ्या कानाने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. घरी आल्यावरही ती त्याच्याशी जेवणखाणापुरतीच बोलायची. मोडलेल्या हाताची बोटं मिटत नव्हती. रात्री ती अंथरुणात बसून राहायची, आणि तोही बसून राहायचा. शेवटी मुलीने पत्र लिहून आईला मुंबईला बोलावून घेतलं. गुरुदासने परवाना सरकारला परत केला. तो वाडीतच राहिला, सोसायटीतून निवृत्त झाला आणि दुर्गा मुंबईला गेल्यानंतर सहा वर्षांनी हातपाय सुजून वारला. दुर्गा तोवर एकदाही वाडीत आली नव्हती. नवरा गेल्यावर आली, बाराव्यापर्यंत आमच्याकडे राहिली आणि परत गेली.

ती वाडी सोडून मुंबईला निघाली तो त्याच वर्षीचा मे महिना होता. तिला गाडीत बसवून द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. जावई सामान टपावर चढवत होता. दुर्गा खिडकीशी बसली. गुरुदासने खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "हाताक तेल लावीत जा गो."

तिने बाटली घेतली. 

"मागला दार उघडाच होता," ती म्हणाली. "आनंदीचा घर धा पावलार. तुमी माका सांगलात असतात, तर मी बंदुकीक हातच लावलंय नसतंय. पळान गेलंय असतंय."

ती हे चिडून बोलली असती तर सोसलं असतं. ती नुसतं सांगत होती. गुरुदासने खिडकीच्या गजावर हात ठेवला होता, तो खाली घेतला. मग दुर्गाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात बहुधा काही नव्हतं, सहज विचारावं तसं तिने विचारलं, "मास्तरानू, तुमका म्हायत होता?"

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी तीस वर्षं छड्या मारल्या आहेत. मी म्हटलं, "नाय."

गुरुदास माझ्या शेजारीच उभा होता. त्याने ते ऐकलं, आणि पुढे सहा वर्षं तो रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसायचा, पण त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.