सुलतानांसाठी बोललेला नवस

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. अक्षर वाकडे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट कळले नाही. हे मी माझ्यापुरतेच लिहिते आहे, पण चुकून कोणी वाचलेच तर सांभाळून घ्यावे.

दोहाला मी आले ती नाशिकच्या एका कुटुंबाकडे, स्वयंपाकाला आणि त्यांच्या लहान मुलीला सांभाळायला. शहरातल्या अल गराफा भागात त्यांचा व्हिला होता. साहेब लुसैलला, तिथे उभ्या राहणाऱ्या नव्या शहराच्या कामावर, इंजिनियर. फुटबॉलचा वर्ल्ड कप यायचा म्हणून सगळे शहर खणून ठेवलेले. आज असलेला रस्ता उद्या बंद. साहेब रोज नव्या रस्त्याने घरी येत आणि रोज नव्याने वैतागत.

शेजारच्या व्हिलात अम्मा राहायच्या. त्या मूळच्या शेजारच्या देशातल्या, मुलाच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. त्यांना मोडकेतोडके हिंदी यायचे. दुपारी मुलगी झोपली की त्या भिंतीपलीकडून हाक मारायच्या, "बेटी, काहवा!" आणि मी मागच्या दाराने कॉफी प्यायला जायची. मी फार बोलायची नाही. त्यांना ते चालायचे.

त्या वर्षी त्यांच्या देशाचे सुलतान फार आजारी पडले. उपचारासाठी ते परदेशी गेले आणि महिने उलटले तरी परतले नाहीत. अम्मा टीव्हीसमोरून हलेनात. मला आधी नवलच वाटले. राजा आजारी, तर या बाईने जेवण का टाकावे? मग एकदा त्यांनीच सांगितले. त्यांच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती. हे सुलतान गादीवर आले आणि गावोगाव शाळा निघाल्या, मुलींच्यासुद्धा. अम्मांचे तोवर लग्न झालेले. तरी पोटात पहिला मुलगा असताना त्या वर्गात जाऊन बसल्या. "मेरा नाम मैं खुद लिखा," त्या म्हणाल्या, आणि ट्रेवर सांडलेल्या पाण्यात बोटाने लिहून दाखवले.

मला चौथीनंतर शाळेतून काढले, कारण धाकट्या भावाला बघायला कोणी नव्हते. अम्मांना मी ते सांगितले नाही. पण त्या दिवसापासून त्यांचे सुलतान मलाही आपले वाटू लागले.

एका शुक्रवारी अम्मांच्या बैठकीच्या खोलीत त्यांच्याकडच्या बायका जमल्या. लांबच लांब पांढरे कापड अंथरले होते. त्यावर प्रत्येकीने सुलतानांसाठी चार शब्द लिहायचे आणि मग ते कापड वकिलातीत पाठवायचे. मी खजुराचे ताट ठेवून निघाले, तर अम्मांनी हात धरला.

"तुम भी लिखो."

"अम्मा, मेरे को अरबी नहीं आता."

"कोई भी जुबान लिखो. अल्ला सब पढ़ता है."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. गुडघे टेकून मी लिहिले, 'राजेसाहेब, बरे होऊन घरी या.' ओळ घसरत खाली गेली. काय लिहिले ते अम्मांनी विचारले, मी सांगितले. आणि चार माणसांत कधी तोंड न उघडणारी मी पुढे बोलूनच गेले, "वो घर आया तो मैं सबको पुरणपोळी खिलाएगी. देवी को मन्नत बोला."

"मन्नत!" अम्मांनी अरबीत सगळ्यांना सांगितले. बायकांनी जिभा हलवून त्यांच्याकडे लग्नात देतात तशी किलकारी दिली.

घरी कळल्यावर वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, कपाळाला हात लावला. "ताई, तिथे किती बायका येतात, माहीत आहे ना?"

साहेब म्हणाले, "सुलतानांना म्हणावं, जरा दमानं या. आमच्या ताईंचा पगार होऊ द्या."

मी हसले, पण आत धाकधूक होतीच. बोललेला नवस फेडायलाच लागतो, आणि तोही स्वतःच्या पैशाने. दुसऱ्याच्या पैशाने फेडला तर तो देवीला पोचत नाही, असे आमच्या घरी मानतात.

आणि सुलतान घरी आले! अम्मा चपला न घालताच आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. "आ गया! घर आ गया!" म्हणत त्यांनी मला धरून गोल फिरवले. बाहेर त्यांच्या मुलाने गाडीला झेंडा लावून हॉर्नचा नुसता धडाका लावला होता. मग अम्मा थांबल्या, धापा टाकत म्हणाल्या, "यल्ला, अब तुम्हारा रोटी!"

माझा पगार तर गावी गेलेला. वहिनी म्हणाल्या, "सामान मी आणते. त्यात काय एवढं?"

"नको वहिनी. नवस माझा आहे."

"बरं बाई, उसने घे. आणि पुरणाला हात लावलेला चालेल ना तुझ्या देवीला?"

"हात चालतो. पैसा नाही चालत."

मग आम्ही दोघींनी मिळून पुरण शिजवले, वाटले. अम्मांच्या अंगणात गॅस मांडला. मी लाटत होते, भाजत होते, तूप सोडत होते, आणि काळ्या अबायातल्या बायका तव्याभोवती दाटीने उभ्या. पहिली पोळी अम्मांना. त्यांनी घास घेतला आणि डोळे मिटून घेतले. त्यांची धाकटी सून तिसरी पोळी संपवत म्हणाली, "सुलतान को फिर थोड़ा जुकाम हो जाए तो?" अम्मांनी तिच्या पाठीत असा धपाटा घातला की सगळ्या खो खो हसल्या. कोणीतरी विचारले, ही कोणी केली? अम्मांनी मला सगळ्यांच्या पुढे उभे केले. पिठाच्या हातांनी मी तशीच उभी राहिले, आणि मान खाली घातली नाही.

पुढे प्रत्येक पगाराला मी वहिनींना थोडे थोडे पैसे देत गेले. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "खलास! राहू दे आता उरलेले."

"खलास कसं? तुम्ही सोडलेत तर नवस अर्धा राहील."

"घे गं," साहेब पेपरातून म्हणाले, "नाहीतर देवी आपल्यालाच वसुलीला लावेल."

शेवटच्या नोटा मी सकाळी आंघोळ करून दिल्या. वहिनी नुसत्याच कपाटात ठेवायला निघाल्या, तर मी म्हटले, "मोजा." त्यांनी माझ्यासमोर मोजल्या.

"पुरे आले, ताई. सगळे फिटले."