पाहुणीचं ताट

वहिनी, साताऱ्याचं बिऱ्हाड हलवलं त्या दिवशी आम्ही टेम्पो मुद्दाम आपल्या गावावरून नेला होता, ज्वारीचं पोतं घ्यायला. पोतं चढलं तरी आई टेम्पोचं दार सोडेना. "नवं गाव हाय पोरी. दारात आलेल्याला आधी वाढ. आपलं काय, मागनं बी पोट भरतं," हेच दोनदा म्हणाली. तुम्ही माझी ओटी भरलीत आणि तोंड फिरवून आत गेलात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. तुम्ही आत जाऊन रडलात, हे फार उशिरा कळलं.

ह्यांची बदली बेलापूरच्या सरकारी कचेरीत झालेली. नेरूळला सोळा फ्लॅटच्या सोसायटीत पाच बिऱ्हाडं, बाकी दारांना कुलपं. हे सकाळी आठला जात ते रात्री नऊला येत. जवळच्या शिरवणे गावातली मासेवाली यायची. मासे आम्ही आठवड्यातून एकदा खाणार, पण मी तिला रोज थांबवायचे, कारण दुसरं बोलायला कोणी नव्हतं. एकदा ती म्हणालीच, "घ्यायचं नाय तर हाक कशाला मारतेस गो?" आधी वाढ म्हणणं सोपं होतं, पण दारात कोणी यायला तर हवं.

मग आमचा मुलगा इंजिनिअरिंगला सांगलीला गेला आणि त्याची खोलीही रिकामी झाली. ह्यांच्या ऑफिसातल्या एकांनी सांगितलं की परदेशातली शाळकरी मुलं वर्षभरासाठी इकडे शिकायला येतात, तीन-चार महिने एकेका घरी राहतात. हे "बघू" म्हणायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. अशी कारीन आली. डेन्मार्कची, सोळा वर्षांची, ताडमाड उंच, बोलायला लाजणारी.

मी तिला किती जपलं म्हणून सांगू. पाणी उकळून, तिखट बेताचं, नवा टॉवेल, ठेवणीतलं ताट. संध्याकाळी साडेसातला डायनिंग टेबलावर वाढायचे आणि बाजूला उभी राहून गरम पोळ्या आणून घालायचे. सुरुवातीला ती समोरची खुर्ची दाखवायची. मी म्हणायचे, "नो नो, यू ईट. आय लेटर." माझं इंग्रजी तेवढंच. तिचं आटोपलं की ओटा पुसून मी आत जमिनीवर बसून जेवायचे. हे आले की ह्यांचं पान. पोरगी दिवसेंदिवस कमी जेवायला लागली, तेव्हा मी शहाणीनं तूप वाढवलं.

पाच आठवड्यांनी, ह्या मुलांची सोय बघणाऱ्या वाशीच्या बाईंचा फोन आला. "राग नका मानू हं, पण कारीनला दुसऱ्या घरी जायचंय. रविवारी शिफ्ट करू." कारण विचारलं तर त्या घुटमळल्या. "ती म्हणते, तुम्ही खूप चांगल्या आहात. पण इतक्या दिवसांत तिच्याबरोबर कोणी जेवलंच नाही. तिनं आपल्याकडच्या जातीपातीचं कुठंतरी वाचलंय. मला विचारत होती, मी शिवलेलं त्यांना चालत नाही का?"

फोन ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. इकडे भिंतीला टेकून मी एकटी जेवत होते आणि त्याच भिंतीपलीकडे ती माझ्याआधी एकटी जेवून उठत होती. माझं एकटेपण जावं म्हणून आणलेली पोर, आणि तिला मी असं वाटायला लावलं.

त्या संध्याकाळी भाकरी केली, भरली वांगी केली, आणि स्वयंपाकघरात दोन ताटं समोरासमोर मांडली. तिला हाताला धरून खाली बसवलं. समजावून सांगण्याइतकं इंग्रजी कुठून आणायचं? मी तिच्या ताटातली भाकरी मोडली, तिच्याच भाजीत बुडवली आणि खाल्ली. पाहुणीच्या आधी घास घेतला, जन्मात पहिल्यांदा. ती बघत राहिली. मग तिनं माझ्या ताटातलं एक वांगं उचललं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मला वाटलं, आता राहील. "स्टे," मी म्हणालेही. पण दुसऱ्या घरी तिच्या वयाची मुलगी होती, दोघींचं ठरून गेलं होतं. रविवारी बॅग घेऊन दारात उभी राहिली. "आय डिड नॉट नो," म्हणाली. "मी टू," मी म्हणाले. खोली पुन्हा रिकामी झाली. तेव्हापासून मी ह्यांच्यासाठी नऊपर्यंत थांबते. हे पेपर वाचत जेवतात, पण समोर बसतात.

हे सगळं तुम्हाला आज का लिहितेय? आई गेल्यापासून मी वर्षातून दोनदा येते, आणि तुम्ही मला बाहेर सोप्यात पाट मांडून आधी वाढता. आग्रह करता, उभ्या राहता. माझं झालं की आत तुम्ही सगळ्या जणी बसता, आणि तुमचं हसणं मला बाहेर ऐकू येतं. प्रेमानं करता, वहिनी, मला माहीत आहे. मीही प्रेमानंच करत होते. पण त्या पाटावर बसलं की कळतं, या घरातून मी गेले ती गेलेच. आपल्यातले जे कोणी पुण्या-मुंबईला गेले, त्यांनाही असंच होत असणार, बोलत कोणी नाही. नेरूळला अजून मी फ्लॅटच म्हणते. घर म्हणायला एक तुमचंच आहे.

तेव्हा दिवाळीला येईन तेव्हा माझा पाट मांडू नका. तुम्ही चुलीपुढं बसाल तेव्हा हाक मारा. तोवर मी उपाशी थांबेन.