कोंबड्याचा गेटपास

आमच्या स्वतःच्या शेतात जायचं तर आम्हाला व्हिजिटर पास काढावा लागतो.

शेत म्हणजे आता शेत राहिलेलं नाही म्हणा. वरच्या अंगाला आमचं भाताचं खाचर होतं, त्यावर आज निळ्या पत्र्याचं गोडाऊन उभं आहे आणि आत लहान मुलांचे डायपर छतापर्यंत रचलेले आहेत. (भाताच्या जागी डायपर! बारमाही पीक, पाण्याची चिंता नाही.) जमीन विकली नाही हं, लांब मुदतीच्या कराराने भाड्याने दिली. बाबा तयार नव्हते. त्यांना तयार करण्याचं पुण्यकर्म माझं. "बाबा, जमीन आपलीच राहणार, फक्त वर पत्रा येणार," हे मी त्यांना उठता-बसता, जेवताना, दाढी करतानासुद्धा ऐकवलं. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून त्यांनी सही केली.

अट मात्र एक घातली. राखण बंद होता कामा नये!

शेताच्या कोपऱ्यात आमचा राखणदार आहे. म्हणजे शेंदूर लावलेला दगड. भात घरात आलं की त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, हीच राखण; मग तो वर्षभर शेत सांभाळतो. कंपनीने दगड हलवला नाही. फरशी घालताना तो जिथल्या तिथे उघडा ठेवला, भोवती पिवळ्या पट्ट्यांचा चौकोन आखला आणि लिहिलं, 'येथे माल ठेवू नये'. पहिल्याच वर्षी मला वाटलं, आता भातच नाही तर राखण कसली? मी तसं बोललोही.

"भात नाय तर नाय," बाबा म्हणाले. "राखनदार उभा हाय ना? त्याला उपाशी ठेवाचा का?"

मग मी मॅनेजरकडून तासाभराची परवानगी काढली. मॅनेजर पोरसवदा, पुण्याकडचा. "पूजा ना? करा की. फुलं, उदबत्ती... नको, उदबत्ती नको. नुसती फुलं," म्हणाला. कोंबड्याचा विषय मी काढला नाही. (काही तपशील ऐनवेळी सांगितलेले बरे, असं माझं तेव्हा मत होतं. आता नाही.)

ठरल्या दिवशी बाबा, आई, मी आणि थैलीतला कोंबडा असे चौघे गेटवर हजर झालो. गेटवर वॉचमन तिवारीजी. नियमाला एकदम पक्का माणूस.

"अंकल, थैली में क्या है?"

थैलीनेच उत्तर दिलं.

"ये तो मटेरियल हो गया," तिवारीजी गंभीर झाले. "गेटपास बनेगा. रिटर्नेबल या नॉन-रिटर्नेबल?"

"काय बोलतंय यो?" बाबांनी मला विचारलं.

"विचारतोय, कोंबडा परत नेणार का?"

"नेनार ना! जाताना जिता, येताना मेला. लिव म्हनाव."

तिवारीजींनी बराच विचार करून 'रिटर्नेबल, एक नग' असं लिहिलं. मग आली हेल्मेटं आणि भगभगीत नारिंगी जाकिटं. बाबांच्या धोतरावर जाकीट चढलं. आईने अंबाड्यावरच्या गजऱ्यावर हेल्मेट बसवलं आणि तिवारीजींच्या केबिनच्या काचेत बघून विचारलं, "मना बरा दिसतंय का?" कोंबड्याच्या मापाचं हेल्मेट नव्हतं, म्हणून त्याला सूट मिळाली.

इथपर्यंत ठीक होतं. पण पिशवीतून सुरी निघाली!

"धारवाली चीज़ अंदर नहीं जाएगी."

"मंग कापाचा कशान?" बाबा भडकले. "दातान?"

आता माझी अक्कल पुढे सरसावली. (ती अशा वेळी हमखास सरसावते.) मी म्हणालो, "बाबा, आत नुसता दाखवू. कापायचा तो बाहेर येऊन कापू."

"देवाला काय नमुना दाखवाचा?"

"अरे बाबा, नियम आहे त्यांचा. शेवटी गोडाऊन त्यांचं."

"आनि शेत?"

बाबांनी सुरी तिवारीजींच्या टेबलावर ठेवली आणि आत चालू लागले.

आत दोन्ही बाजूंना माळ्यावर माळे चढवलेले लोखंडी रॅक, मधून फोर्कलिफ्ट पळतायत, आणि एका खांबाजवळ पिवळ्या चौकोनात आमचा राखणदार. बाबांनी हेल्मेट काढलं. लगेच कोणीतरी लांबून ओरडलं, "हेल्मेट!" त्यांनी ते परत घातलं आणि तसेच दगडापुढे वाकले. माझं काळीज जरा हललं, खोटं कशाला बोलू. याच कोपऱ्यात लहानपणी मी चिखलात लोळलो होतो आणि याच माणसाने मला उचलून बांधावर ठेवलं होतं.

नारळ झाला. आता कोंबडा. आमच्यात कोंबड्यावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं की देवाला राखण मान्य. त्यासाठी त्याचे पाय मोकळे करावे लागतात.

"पम्या, दोनी हातांनी धर."

"धरलाय रे बाबा!"

धरला होता, पण एका हाताने. दुसऱ्या हातात मोबाईल होता! सगळ्या नातेवाइकांना व्हिडिओ पाठवायचा होता, की बघा, जमीन देऊनसुद्धा आमची राखण चालू आहे. बाबांनी पाणी शिंपडलं. कोंबड्याने आधी अंग झाडलं, मग माझा हात झाडला, आणि मग आमच्या घराण्याशी असलेला सगळा संबंधच झाडून टाकला. त्या व्हिडिओत पुढे फक्त पत्रा दिसतो आणि आईचा आवाज येतो, "गेला! गेला! गेला!"

तो पहिल्या माळ्यावर बसला. मी चढायला गेलो, तर तो दुसऱ्यावर. फोर्कलिफ्टवाल्याने हॉर्न मारला, तर थेट सगळ्यात वर! आईने अक्षतांचे तांदूळ फरशीवर उधळून "आ, आ, आ" सुरू केलं. कोंबडा आला नाही. डायपरची हातगाडी ढकलणारा एक कामगार मात्र त्या तांदळावरून घसरला आणि खोक्यांसकट आडवा झाला. शिफ्ट थांबली. सगळे माना वर करून उभे. एवढ्यात वरून कोंबडा आरवला, आणि पत्र्याखाली तो आवाज असा घुमला की मॅनेजर केबिनमधून धावत आला.

"हे काय आहे?"

"साहेब, पूजेचं साहित्य," मी म्हणालो.

"अहो, ते उडतंय!"

आम्हाला बाहेर काढण्यात आलं. पण बाहेर तरी कसे पडणार? गेटवर तिवारीजी! "इन में एक नग, आउट में ज़ीरो. अंकल, टैली नहीं हो रहा." मी हात जोडले, आईने उरलेला नारळ दिला. शेवटी तोडगा निघाला: पास बंद करायचा नाही, खुला ठेवायचा. माल सापडला की अंकलनी येऊन घेऊन जावा.

घरी आईने वाटण करून ठेवलेलं, तांदळाच्या भाकऱ्या थापलेल्या, काका-आत्या पाटावर बसलेले. मी गुपचूप दुकानातून ब्रॉयलर आणला. सगळ्यांनी चाटून-पुसून खाल्ला. बाबांनी फक्त भाकरी आणि कांदा घेतला.

"पाच मिंटं नीट धरता आला नाय तुला," एवढंच म्हणाले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाने शेतावरचा ताबा सोडला, बैल विकले, नांगर दिला, आणि बदल्यात वर्षातली पाच मिनिटं मागितली होती. ती मी मोबाईलपायी घालवली.

कोंबडा काही हाती लागेना. कामगार त्याला डब्यातला भात घालू लागले. मॅनेजरचे मला फोनावर फोन. "तुमचं साहित्य माझ्या मालावर घाण करतंय, घेऊन जा!" मग बाबा दर शनिवारी टेंपोत बसून कोंबडा धरायला जाऊ लागले. पास खुलाच होता. जाकीट, हेल्मेट घालून दुपारी आत जायचे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत यायचे.

"आज पन नाय घावला," म्हणायचे, आणि पोटभर जेवायचे. मला वाटायचं, म्हातारा दमतोय. गुडघे दुखत असणार. हे मीच निस्तरलं पाहिजे.

म्हणून एका शनिवारी काकांचं खाडीवर टाकायचं जाळं घेऊन मी त्यांच्यामागोमाग गेलो. बघतो तर बाबा राखणदाराशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर निवांत बसलेले. समोर कोंबडा! बाबा खिशातून तांदूळ काढून त्याला घालतायत आणि त्याला सांगतायत की इथे पूर्वी पाणी कुठून यायचं आणि बांध कुठे फुटायचा. मी मागून जाळं फेकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा नेम बरोबर बसला!

"सापडला! बाबा, सापडला!"

बाबा गुडघ्यावर हात देत उठले. जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सोर त्याला."

"अरे, पण इतके शनिवार तू..."

"सोर बोलतंय ना. यो भायेर गेला का पास बंद. मंग मना आत कोन घेल?"

'जमीन आपलीच राहणार' असं या माणसाला उठता-बसता सांगणारा मी, आणि तो तिथे कोंबड्याच्या नावावर येऊन बसत होता. मी जाळ्याची एक कड उचलली. कोंबडा बाहेर पडला आणि फडफडत तिसऱ्या माळ्यावर जाऊन बसला.

मॅनेजर धावत आला. "अहो, हातात आलेला सोडलात?"

"निसटला साहेब."

"निसटला कसा? जाळं होतं की!"

मी जाळं गुंडाळायला लागलो. तेव्हा बाबाच पुढे झाले. "याला नका पाठवू सायेब. याच्या हातात काय टिकत नाय. शेत पन असाच सोरलान यानं. पुढच्या शनवारी मीच येतंय."

सगळं गोडाऊन हसलं. मीही मान डोलावली आणि होता होईल तेवढा बावळट चेहरा केला, कारण बाबांचा पास आता त्याच चेहऱ्यावर खुला राहणार होता.