मेण लावलेली गाठ

थेल्मा सटक्लिफच्या स्वयंपाकघरात शिरायचं तर आधी मान वाकवावी लागते, कारण छताला सगळीकडे काहीबाही टांगलेलं असतं. रोझमेरीच्या जुड्या, सफरचंदाच्या वाळलेल्या चकत्या, गव्हाच्या काड्यांच्या विणलेल्या बाहुल्या. तिचा माणूस नॉरिस चांगला उंच. इतकी वर्षं त्या जुड्या त्याच्या कपाळावर आपटत राहिल्या आणि तो शिव्या देत राहिला.

"हे घर आहे की गोठा?" तो विचारायचा.

"वाक ना जरा. वाकल्याने कुणी मरत नाही," थेल्मा पीठ मळता मळता म्हणायची.

मी जून. टॉडमॉर्डन गावच्या या चढाच्या गल्लीत थेल्माचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि ती पातळ आहे. त्यामुळे मला काही विचारावं लागत नाही, आपोआप कळतं. आमचं पेगन मंडळही एकच. जुन्या देवांना मानणारे आम्ही म्हणजे कुणी फार गूढ माणसं नव्हेत. मी बस चालवायचे, दोघी नर्स आहेत, एक नळदुरुस्तीवाला आहे. वर्षाचे आठ सण आम्ही मागच्या टेकडीवर करतो, आणि आठही सणांचं खाणं, मेणबत्त्या, सजावट थेल्माच्या हातची असते.

ऑगस्टमध्ये ती काड्यांच्या बाहुल्या करते. काड्या भिजल्याशिवाय वळत नाहीत, म्हणून ती त्या न्हाणीच्या टबात पसरून ठेवते आणि नॉरिसची आंघोळ राहून जाते. ऑक्टोबरअखेर मेलेल्यांचा सण. तेव्हा लोणी-साखर फेसून, मैद्यात जायफळ आणि मनुका घालून ती छोटे गोल केक भाजते. वर सुरीने फुली काढते आणि गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक बाजूला ठेवते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रिजिड देवीचा सण. त्याला ओढ्याकाठच्या लव्हाळ्याच्या फुल्या विणायच्या आणि ओट-मधाची भाकरी तव्यावर टाकायची. फुटक्या कपांत मेण ओतून केलेल्या तिच्या मेणबत्त्या माझ्याही खिडकीत आहेत. एकीलाही सरळ उभं राहता येत नाही, पण जळतात छान.

तिचं खरं नाव झालं ते मात्र दोऱ्यांमुळे. आमच्यात लग्न म्हणजे हातगाठ. दोघांनी हात हातात घ्यायचे, त्यावरून लोकरीची वेणीची दोरी गुंडाळायची, दोघांनी एकेक टोक धरून ओढत हात काढून घ्यायचे. मध्ये गाठ उरते. ती गाठ जन्मभर जपायची. या खोऱ्यात जितक्या हातगाठी झाल्या त्यांतल्या बहुतेकांची दोरी थेल्माने वळलेली. एक पेड कांद्याच्या सालांत रंगवून पिवळा, एक मंजिष्ठेत लाल, आणि तिसरा मेंढीवर उगवला तसाच करडा. दोरी देताना ती प्रत्येक जोडप्याला बजावायची, "हिला कधी मेण लावू नका. आणि पटलं नाही तर ज्या दोन हातांनी ओढली त्याच दोन हातांनी सोडवा. कात्री लावायची नाही. कापलेली गाठ सुटत नाही, ती नुसती तुटते."

जोडपी माना डोलवायची. थेल्मा हे बोलायला लागली की कुणाचीही मान डोलायची.

मेणाचं तिला स्वतःच्या गाठीने शिकवलं होतं. तिची आणि नॉरिसची दोरी ही तिने वळलेली पहिली. देखणी दिसावी म्हणून हौसेने तिने ती मेणाच्या वडीवरून घासून चकचकीत केली. गाठ बसली ती दगडासारखी. मागल्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून ठरवलं की आता पुरे झालं. भांडण नव्हतं. एकमेकांशी बोलायचं संपलं होतं एवढंच. थेल्माची बहीण जॉइस व्हिटबीला समुद्रावर चहाचं दुकान चालवते. तिने वरची खोली देऊ केली होती. "ये, भाकऱ्या भाज, खिडकीतून पाणी बघ," ती म्हणाली होती. ऑक्टोबरच्या सणाला मंडळासमोर गाठ सोडवायची आणि थेल्माने जायचं, असं पक्कं झालं. नॉरिसने तिच्या पेट्या स्वतः माळ्यावरून काढून दिल्या.

सप्टेंबरात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उरले दोन शब्द, "नको" आणि "चहा".

हॉस्पिटलात नॉरिसची पहिल्या लग्नाची मुलगी मार्गो लीड्सहून आली. आल्या आल्या तिने थेल्माला खोलीबाहेर काढलं.

"तुमचं लग्न कुठल्या कागदावर आहे? जंगलात दोऱ्या बांधलेल्या आम्ही नाही मानत," ती म्हणाली.

नॉरिसला घरी सोडायची वेळ आली तेव्हा त्याच मार्गोने थेल्माच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हीच आता त्यांचं सगळं. शेवटी बायकोच ना तुम्ही?"

मी तिथेच होते. मला अशी चीड आली की मी तिच्याकडे बघून नुसती खोकले.

पेट्या तशाच दारामागे उभ्या राहिल्या. मी रोज सकाळी जायचे. ती त्याला उठवायची, पुसायची, भरवायची, आणि मध्येच कणीक मळायची. ऑक्टोबरच्या सणाला तिने केक केले, पण टेकडीवर आली नाही.

"अगं, जा ना तू. मार्गो बघेल, नाहीतर कुणी बाई ठेवेल. तुला धरलंय कुणी?" मी एकदा म्हटलं.

तिने फडताळातून गाठ काढून माझ्यासमोर ठेवली. "हिने."

"मग काप की."

"ब्रायनीला काय तोंड दाखवू?"

ब्रायनी बेकरीत काम करते. दोन वर्षांपूर्वी तिचा माणूस स्पेनला पळाला, तेव्हा ती रडत दोरी घेऊन थेल्माकडे आली होती. "थेल्मामावशी, मी कापू का?" थेल्माने तिला ठाम सांगितलं होतं की नाही, तो परत येईल तेव्हा दोघांच्या हातांनीच सुटेल. पोरगी मुकाट्याने दोरी घेऊन गेली. तेव्हापासून थेल्मा तिला भाकरी द्यायची आणि डोळे चुकवायची.

"तिला थांबवलं मी," थेल्मा म्हणाली. "आता माझ्यावर आली तर कात्री काढू?"

"हा नियम देवांनी सांगितला नव्हता, बाई. तूच काढलास."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. देवांचा असता तर तिने नक्की मोडला असता.

जानेवारीत जॉइसचा फोन आला. ब्रिजिडच्या सणापर्यंत आली नाहीस तर खोली दुसऱ्याला देईन, मलाही माणूस हवं आहे. बहिणीचंही खोटं नव्हतं.

मग थेल्माला ते सुचलं, तिच्याच कामातून. मेण थंडीत दगड होतं, तर उबेत वितळेलच की. सणाच्या दिवशी दुपारी तिने मला साक्षीला बोलावलं. चुलीवर ओट-मधाची भाकरी होत होती. तवा उतरवून तिने त्याच्या कडेला फडक्यात गुंडाळून गाठ ठेवली. घरभर मधाचा आणि मेणाचा वास सुटला. गाठ मऊ झाली. तिने अंगठ्याने दाबून बघितली तेव्हा पेड सरकले, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिचं तरुणपण आठवलं.

नॉरिस खिडकीजवळ खुर्चीत होता. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"नॉरिस, हे बघ. ठरलं होतं ना आपलं? तुझा हा हात चांगला आहे. मी टोक सैल करते, तू फक्त एवढा फास बाहेर काढ."

त्याने गाठीकडे बघितलं, मग दारामागच्या पेट्यांकडे. डाव्या हाताने त्याने टोक धरलं. थेल्मा म्हणाली, "हां, अस्सं." आणि त्याने ओढलं. फास नव्हे, टोकच ओढलं, होती नव्हती तेवढी ताकद लावून. गाठ बोटाच्या पेराएवढी आवळली. मग ती त्याने मुठीत घेतली आणि मूठ छातीशी धरली.

"नको," तो म्हणाला.

थंड खिडकीशी मेण पुन्हा घट्ट व्हायला किती वेळ लागणार? थेल्मा तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. मी जाऊन चूल बंद केली, कारण दुसरं काय करावं कळेना. जरा वेळाने ती उठली, शिवणाची कात्री घेतली आणि कोट न घालताच बाहेर पडली. मी मागोमाग गेले. ती थेट बेकरीत गेली आणि कात्री ब्रायनीसमोर ठेवली.

"मी चुकले, पोरी. काप तुझी. आजच काप."

ब्रायनीने हातातले पाव खाली ठेवले. ती आधी माझ्याकडे बघायला लागली, मग थेल्माकडे.

"मावशी, मी तर त्याच आठवड्यात कापली. भाजी चिरायच्या सुरीने. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"त्याच आठवड्यात?"

"सगळेच कापतात, मावशी. सोडवत कोण बसतं?"

थेल्मा हसली. म्हणजे आवाज हसण्यासारखा होता. तिने कात्री उचलली, पिशवीत टाकली, आणि आम्ही चढ चढून परत आलो. वाटेत मी म्हणाले, "आता तरी मोकळी हो. तू सोडून हे कुणी पाळतच नाही." ती म्हणाली, "कळलं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा जॉइसशी तिचं बोलणं झालेलं होतं. नॉरिसची मूठ रात्रभर मिटलेली, नखं तळव्यात रुतून लाल झालेली. थेल्मा तीच कात्री घेऊन त्याच्यासमोर बसली होती. तिने कोमट पाण्याचं फडकं धरून त्याची बोटं एकेक करून उघडली. तळव्यावर गाठ होती. तिच्या हातात कात्री होती, नॉरिसने डोळे मिटले होते, आणि आता तिला ब्रायनीचंही भय उरलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, काप, बाई, काप.

तिने त्याची पाचही नखं कापली. मग गाठीखाली सुती कापडाची घडी ठेवली, म्हणजे पुन्हा रुतायला नको, आणि त्याची बोटं परत मिटवली.

मला तिचा संताप आला आणि मी तिथेच रडले.

"रडतेस काय?" ती म्हणाली. "त्या पेट्या माळ्यावर टाकायला हात लाव जरा. एकटीला नाही जमत."