पाळकसाहेबांचा ताप

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. ताईजवळ नाही, तिच्या पोरांजवळ नाही. प्रार्थनेला डोळे मिटले तरी मी हिला वळसा घालूनच पुढे जातो. खरं तर आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. नाताळात जेवणं उरकली की भाचरं सतरंजी ओढून बसतात — दानूमामा, सांगा ना — आणि मी आजोबांचा बैल, आत्याची मोडलेली सोयरीक, सगळं तिखटमीठ लावून सांगतो. ही मात्र नाही. आता दमलो, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी मळवलीत राहतो, मुंबईच्या एका साहेबांचा बंगला सांभाळतो. आमचं चर्च लोणावळ्यात, लोकलने एकच स्टेशन. सरला, माझी बायको, होती तोवर दर रविवारी दोघं जायचो. ती गेली. नंतरच्या रविवारी मी एकटाच गेलो, तर बायकांच्या बाजूला तिच्या जागेवर कुणीतरी पर्स ठेवली होती. बस, एवढंच. गाणं सुरू झालं आणि मला गाता येईना. उठलो, बाहेर आलो. पुढच्या रविवारी आत गेलोच नाही.

पण घरी आई होती. कंबर आणि गुडघे दोन्ही गेलेले, खाटेवरून उठणं नाही. तिला काय सांगणार? तुझ्या मुलाचा देवाशी अबोला आहे म्हणून? त्यापेक्षा रविवारी इस्त्रीचा शर्ट घालायचा, पवित्र शास्त्र काखेत मारायचं, लोकलने लोणावळ्याला उतरायचं आणि फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसायचं. वडापाव खायचा. आणि परतीची गाडी येईपर्यंत उपदेश तयार करायचा.

हो, उपदेश! कारण मी उंबरा ओलांडला की आई विचारणार, “आज काय सांगितलं रं पाळकांनी?”

मी सांगायचो. इतकं रंगवून सांगायचो की शेजारची हौसामावशीसुद्धा दारात येऊन बसायची. ती शिरगावला साईबाबांना जाणारी, पण उपदेश चुकवायची नाही. एकदा मी मध्येच घुसडलं, की देवाने दिलेलं शरीर जपावं, गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

आई म्हणाली, “शास्त्रात गोळ्या कुटं आल्या रं, दानू?”

“असू दे गं,” हौसामावशी म्हणाली. “तुमचा पाळक लय शाना हाय. आमच्या म्हाताऱ्याला बी आयकवाय पायजे.”

हसू येतं ना? मलाही यायचं. इथेच संपली असती तर ही नाताळात सांगायची गोष्ट झाली असती.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा एक तुकडा, द्राक्षारसाचा एक घोट. ज्यांना उठवत नाही त्यांच्या घरी उपासनेनंतर पाळक स्वतः ते घेऊन जातात. आईची तब्येत उतरत चालली तशी तिने तेवढंच मागितलं.

“पाळकांना एकदा घिऊन ये. मला लय हरवल्यावानी झालंय रं. तुझ्या तोंडून आयकते, पन हातात घ्यायचंय.”

काय अवघड होतं? पाळकसाहेब आले असते, आईने गेल्या रविवारच्या उपदेशाचं कौतुक केलं असतं, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. एक नजर. पन्नाशीचा माणूस मी — त्या एका नजरेला भ्यालो.

त्यातच पाळकसाहेब मला बाजारात भेटले. “दानियेलभाऊ, दिसत नाही हल्ली?” रविवारी बंगल्यावर पाहुणे असतात, म्हणालो. “आणि आई? येऊ का प्रभुभोजन घेऊन?”

“आई चिंचवडला ताईकडे आहे,” मी म्हणालो. किती सहज निघालं, बघा.

आणि आईला सांगितलं, पाळकसाहेबांना ताप आहे.

प्रभुभोजन ठेवायला म्हणून तिने स्टुलावर धुतलेलं फडकं घालून ठेवायला लावलं होतं. ते काढ म्हणाली नाही. डोळे मिटले आणि त्यांच्या तापासाठी प्रार्थना करायला लागली. त्यांना पथ्याचं कोण करून घालत असेल, म्हणून पुढच्या रविवारी हौसामावशीकडून हुलग्याचं माडगं करवून घेतलं, बरणीत भरून माझ्या हाती दिलं. मी ते फलाटावर बसून प्यालो. छान झालं होतं. घरी येऊन तसं सांगितलंही — पाळकसाहेबांना आवडलं.

पुढच्या महिन्यात ताप उलटला. त्याच्या पुढच्या महिन्यात मी त्यांना विश्रांतीसाठी गावी पाठवलं. आई वाट बघत राहिली. आणि वाट बघता बघताच गेली.

कबरस्तानात पाळकसाहेब धडधाकट उभे. माती देऊन झाली तशी हौसामावशी त्यांच्याजवळ गेली. “उतरला का बाबा तुमचा ताप? म्हातारी वरीसभर खाटंवरनं हलली न्हाई, पन तुमच्यासाठी लय प्रार्थना केली तिनं.”

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग तिला म्हणाले, “उतरला, मावशी.”

झालं. ती नजर एवढीच होती. त्या नजरेसाठी मी आईला प्रभुभोजनावाचून ठेवलं होतं?

त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मी चर्चला जायला लागलो, मागच्या बाकावर बसायला लागलो. लोक सरकले, जागा दिली. पहिला रविवार आला, पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटलं. सरला गेल्यापासून छातीत जे आवळून बसलं होतं ते सुटलं. सगळ्यांच्या आवाजात माझाही आवाज निघाला.

अजूनही जातो. दर वेळी बरं वाटतं. सगळ्यात जड हेच आहे, की बरं वाटतं. आई एवढंच मागत होती.

तिथे काय मिळतं ते मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. माहीत होतं.